रीप्ले कोणाचा? ‘यूएफसी ४’मधील जाहिरातींचे प्रकरण

सप्टेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात ‘यूएफसी ४’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना लढतीच्या ऐन मध्यात एक नवीच गोष्ट दिसू लागली. जोरकस ठोसा बसावा, प्रतिस्पर्धी कोसळावा, तो क्षण संथ गतीने पुन्हा दाखवण्यासाठी पडद्यावरचे दृश्य बदलावे, आणि नेमक्या त्या बदलाच्या सांध्यात ‘द बॉइज’ या मालिकेची जाहिरात झळकावी, असा तो प्रकार होता. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर या मालिकेचा दुसरा हंगाम ४ सप्टेंबरला सुरू झाला होता आणि त्याची प्रसिद्धी तेव्हा जोरात चालू होती. खेळाडूंनी या दृश्याच्या चित्रफिती रेडिटवर टाकल्या, त्या झपाट्याने पसरल्या आणि काही दिवसांतच गेमची प्रकाशक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, हिने त्या जाहिराती बंद करून माफी मागितली.

आकाराने हे प्रकरण लहान आहे. यात कायदा मोडल्याचा आरोप नाही, न्यायालय नाही, दंड नाही. तरीही गेममध्ये खऱ्या जगातील जाहिराती असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न तपासायला याहून सोयीचे प्रकरण सापडणे कठीण, असे मला वाटते. कारण जाहिरातींच्या बाजूने एरवी जे युक्तिवाद केले जातात, त्यांपैकी बहुतेक सगळे येथे कंपनीला उपलब्ध होते आणि तरीही त्यांतला एकही टिकला नाही. ते का टिकले नाहीत, हे शोधणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

जाहिराती आधीपासूनच होत्या

‘यूएफसी ४’ ईएच्या व्हॅंकुव्हर येथील स्टुडिओने तयार केला आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या नव्या गेमला त्या काळी जी पूर्ण किंमत पडत असे तीच. शिवाय आपल्या लढवय्याला सजवण्यासाठी पोशाख आणि तत्सम वस्तू वेगळे पैसे मोजून घेण्याची सोयही गेममध्ये होती. हा मोफत गेम नव्हता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

गेमचा विषय आहे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे जाळीने वेढलेल्या अष्टकोनी रिंगणात होणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती. या खेळाचे आणि जाहिरातींचे नाते जुने आणि उघड आहे. २०१५ पर्यंत लढवय्ये आपल्या चड्डीवरची आणि मागे धरल्या जाणाऱ्या कापडी फलकावरची जागा स्वतः प्रायोजकांना विकत असत; त्या वर्षी जुलैपासून रीबॉक कंपनीचा एकसारखा गणवेश लागू झाला आणि ती वैयक्तिक विक्री थांबली. रिंगणाच्या जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर मात्र प्रायोजकांची चिन्हे तशीच राहिली. त्यामुळे या खेळाचा हुबेहूब भास निर्माण करणाऱ्या गेममध्ये कॅनव्हास कोरा ठेवला, तर तो स्वच्छ वाटण्याऐवजी खोटा वाटेल. जाहिरातींमुळे गेम अधिक खरा वाटतो, हे विधान ज्या मोजक्या ठिकाणी निव्वळ सबब नसते, त्यांत क्रीडा-गेम आणि शर्यतींचे गेम येतात.

आणि तशा जाहिराती यूएफसी गेमच्या मालिकेत होत्याच. ईएने आपल्या निवेदनातच म्हटले की अशा जागा यूएफसी मालिकेला नव्या नाहीत. फक्त आजवर त्या बहुधा मुख्य मेन्यूतील चौकटी आणि रिंगणावरची चिन्हे एवढ्यापुरत्या राखलेल्या होत्या. म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये चिडलेला खेळाडू गेममध्ये जाहिरात प्रथमच पाहत नव्हता. तो तीन आठवडे, आणि आधीचे गेम खेळला असेल तर कित्येक वर्षे, जाहिरातींवर उभा राहून लढत होता, अगदी शब्दशः. त्याने तक्रार केली नव्हती. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘खेळाडूंना जाहिराती नकोच असतात’ हे सोपे उत्तर तो बाद करतो.

चालू करता येणारी जाहिरात

थोडे यंत्रणेविषयी सांगणे आवश्यक आहे. गेममधल्या जाहिराती ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. पहिली गेम तयार होतानाच त्यात कायमची कोरलेली. १९९१ च्या ‘जेम्स पाँड : रोबोकॉड’मध्ये पेंग्विन बिस्किटे होती, १९९२ च्या ‘झूल’मध्ये चुपा चुप्स लॉलीपॉप होते, १९९९ च्या ‘क्रेझी टॅक्सी’त तर प्रवासी पिझ्झा हट आणि केएफसीला सोडायला सांगत असत. या जातीची अडचण अशी की करार संपतो आणि गेम उरतो. २०१० मध्ये ‘क्रेझी टॅक्सी’ नव्या कन्सोलवर आला तेव्हा ती खरी दुकाने काढून त्यांच्या जागी काल्पनिक नावे घालावी लागली. २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मधले मॉन्स्टर एनर्जी पेय २०२१ च्या आवृत्तीतून असेच नाहीसे झाले.

दुसरी जात बदलत्या जाहिरातींची. यात गेममध्ये फक्त रिकाम्या जागा आखलेल्या असतात: भिंतीवरचा फलक, मैदानाच्या कडेची पट्टी, पडद्याचा कोपरा. कन्सोल इंटरनेटला जोडला गेला की गेम सर्व्हरला विचारतो, या जागी आज काय दाखवायचे, आणि तिकडून आलेले चित्र तेथे बसवले जाते. ते चित्र पडद्यावर किती मोठे दिसले, कोणत्या कोनातून दिसले, किती वेळ दिसले, हे मोजून परत कळवता येते आणि जाहिरातदाराकडून त्या मोजमापावर पैसे घेता येतात. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली मॅसिव्ह ही कंपनी या धंद्याची आरंभीची मोठी नाममुद्रा. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि २०१० मध्ये बंदही केली.

या दुसऱ्या जातीचा अर्थ असा की जाहिरात ही गेमचा भाग राहत नाही, ती एक कळ होते. ईएच्या निवेदनातील क्रियापद याच अर्थाचे होते: आमच्या चमूने या आठवड्यात जाहिरातींच्या जागा ‘चालू केल्या’. विकलेल्या वस्तूत काही दुरुस्त केले असे नाही, नवे काही बांधले असेही नाही, चालू केल्या. घरात दिवा लावावा तसे. खेळाडूंना जे खुपले त्याचा मोठा वाटा या एका क्रियापदात आहे. आपण विकत घेतलेल्या वस्तूची एक कळ विकणाऱ्याच्या हातात राहिली आहे, आणि ती दाबण्यापूर्वी तो आपल्याला विचारणार नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळले.

वास्तवाचा युक्तिवाद आणि त्याचे कच्चे टोक

कंपनीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद असा करता आला असता. यूएफसीचे खरे प्रक्षेपण दूरचित्रवाणीवर पाहा. तेथेही प्रायोजकांची नावे पडद्यावर येत-जात असतात आणि थेट प्रक्षेपणाच्या जगात प्रायोजित रीप्ले ही नेहमीची गोष्ट आहे. गेम त्या प्रक्षेपणाचीच नक्कल करतो: तेच कॅमेऱ्याचे कोन, तेच समालोचन, पडद्यावरची तीच अक्षरे आणि घड्याळ. मग कॅनव्हासवरची जाहिरात वास्तवाला धरून आहे म्हणून चालते आणि रीप्लेमधली चालत नाही, हे कसे?

हा प्रश्न वरवरचा नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना मला गेमच्या घडणीतली एक दुहेरी गोष्ट दिसते. क्रीडा-गेम एकाच वेळी दोन वस्तूंची नक्कल करत असतो: खेळाची आणि खेळाच्या प्रक्षेपणाची. पहिल्या नक्कलेत खेळाडू हा लढवय्या असतो. दुसरीत तो प्रेक्षक असतो. कॅनव्हासवरची जाहिरात पहिल्या नक्कलेत बसते. लढणाऱ्याच्या पायाखाली ती खरोखर असते, त्याच्या घामाने ती भिजते, आणि तिच्याकडे लक्ष न देता तो लढू शकतो. रीप्लेच्या सांध्यातली जाहिरात मात्र फक्त दुसऱ्या नक्कलेत बसते. खऱ्या लढतीत ती जाहिरात लढणाऱ्याला दिसतच नाही. तो रिंगणात धापा टाकत उभा असतो आणि जाहिरात घरी बसलेला प्रेक्षक पाहतो. गेमने खेळाडूला लढवय्या म्हणून आत घेतले आणि जाहिरात दाखवायची वेळ आली तेव्हा न विचारता त्याला उठवून प्रेक्षकांच्या खुर्चीत बसवले.

दुसरी गोष्ट रीप्लेच्या स्वरूपाची. दूरचित्रवाणीवरचा रीप्ले हा दुसऱ्या कुणाच्या पराक्रमाचा असतो. गेममधला रीप्ले हा खेळाडूच्या स्वतःच्या हातांनी घडवलेल्या क्षणाचा असतो. बोटांचा तो नेमका ताल, योग्य क्षणी सोडलेला ठोसा, त्याआधी चार वेळा चुकलेला अंदाज: हे सगळे त्या काही सेकंदांत त्याला परत दिले जाते. ते त्याचे बक्षीस असते, आणि थोडेसे शिक्षणही, कारण ठोसा कुठे आणि कसा लागला हे तेथे दिसते. हरलेल्यालाही तो रीप्ले काही सांगत असतो. गेममध्ये अशा जागा फार थोड्या असतात. लोडिंगची प्रतीक्षा ही मृत वेळ असते, मेन्यू ही वाट असते. रीप्ले मात्र ऐन फळ खाण्याची वेळ. जाहिरातदाराच्या दृष्टीने तीच सर्वांत मौल्यवान जागा, कारण तेव्हा खेळाडूचे लक्ष शंभर टक्के पडद्यावर असते. म्हणूनच ती निवडली गेली असणार, आणि म्हणूनच ती निवडणे चुकले.

यावरून मी अशी रेषा ओढीन: गेमच्या जगात जाहिरात शोभते का, हा प्रश्न आवश्यक आहे पण पुरेसा नाही. त्याच्या पुढचा प्रश्न असा की जाहिरात दिसत असताना खेळाडूचा वेळ आणि त्याची भूमिका त्याच्याकडेच राहते का. शर्यतीच्या गेममधला रस्त्याकडेचा फलक या दोन्ही कसोट्यांना उतरतो. गाडी थांबत नाही, पाहणे सक्तीचे नाही, आणि रस्त्याला फलक असतातच.

याचे चांगले उदाहरण ऑक्टोबर २००८ चे आहे. बराक ओबामा यांच्या अध्यक्षीय प्रचारमोहिमेने ‘बर्नआउट पॅराडाइज’सह १८ गेममध्ये मॅसिव्हमार्फत जाहिराती दिल्या, मतदानाच्या दृष्टीने निर्णायक मानल्या गेलेल्या १० राज्यांतील एक्सबॉक्स ३६० च्या खेळाडूंना शहरातून गाडी पळवताना फलकावर ओबामांचे छायाचित्र आणि मुदतपूर्व मतदान सुरू झाल्याची सूचना दिसत असे. निवडणूक आयोगाकडील नोंदीनुसार या जागांसाठी मोहिमेने सुमारे ४४,५०० डॉलर मोजले. राजकीय जाहिरात ही मालिकेच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी अधिक वादग्रस्त वस्तू, आणि तिच्यावर चर्चाही पुष्कळ झाली; पण त्या चर्चेत कुतूहल अधिक होते, संताप कमी. गेम कुणाचा थांबला नव्हता. (एक गोष्ट मात्र त्या वेळी पुरेशी बोलली गेली नाही असे वाटते: शेजारच्या राज्यातला खेळाडू त्याच गेममधल्या त्याच रस्त्यावर वेगळा फलक पाहत होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. खऱ्या रस्त्यावरचा फलक सगळ्यांना सारखाच दिसतो. वास्तवाचा युक्तिवाद येथेही थोडा लंगडा पडतो, फक्त निराळ्या पायाने.)

तीन आठवडे थांबून

आता काळाचा मुद्दा. गेम १४ ऑगस्टला आला. रीप्लेमधल्या जाहिराती सुमारे तीन आठवड्यांनी चालू झाल्या. तोवर परीक्षणे छापून झाली होती, सुरुवातीची खरेदी झाली होती. ज्या परीक्षकांनी गेमला गुण दिले त्यांनी जाहिरातमुक्त रीप्ले पाहिले होते आणि ज्यांनी ती परीक्षणे वाचून पैसे मोजले त्यांनी तोच गेम घेतला होता. हे कंपनीने हेतुपुरस्सर केले, असे म्हणायला पुरावा नाही. मालिकेचा नवा हंगाम सप्टेंबरात होता, म्हणून जाहिरात सप्टेंबरात आली, एवढे साधे स्पष्टीकरणही शक्य आहे. पण परिणाम तोच होतो. खरेदीच्या क्षणी ज्या माहितीवर निर्णय घेतला, ती माहिती नंतर विकणाऱ्याने एकतर्फी बदलली.

याच कंपनीने आधी वेगळा मार्गही चोखाळला होता. २००६ च्या ‘बॅटलफील्ड २१४२’मध्ये बदलत्या जाहिराती होत्या आणि गेमच्या खोक्यात त्याविषयी सूचना देणारा छापील कागद घातलेला होता. त्या कागदावरूनही वादळ उठले. माहिती गोळा करण्याच्या भाषेने लोक घाबरले, आणि खोके उघडल्यावरच सूचना मिळते हा आक्षेप रास्तच होता. तरीही निदान खेळण्यापूर्वी माहिती हातात येत होती. चौदा वर्षांनंतर तो कागदही उरला नव्हता. २०२० च्या निवेदनात ईएने ही चूक स्पष्ट शब्दांत मान्य केली: हे खेळाडूंना आधी सांगायला हवे होते आणि न सांगणे हा आमचा दोष.

माझ्या मते ही कबुली खरी असली तरी ती दोषाचा सोपा अर्धा भाग उचलते. समजा, आधी सांगितले असते. गेमच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिले असते की लढतींच्या रीप्लेमध्ये जाहिराती येतील. मग विरोध कमी झाला असता, की विक्री? कंपनीला हे उत्तर ठाऊक असावे. ज्या गोष्टीची सूचना आधी दिली तर ग्राहक पाठ फिरवील, तिच्याबाबत ‘सूचना द्यायची राहिली’ हा केवळ संवादातला ढिसाळपणा ठरत नाही.

पैशांचे गणित

जाहिरातींचे समर्थक येथे खर्चाचा मुद्दा आणतात. २००५ च्या सुमारास मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ६० डॉलर झाली आणि २०२० पर्यंत ती तेथेच राहिली. दरम्यान गेम बनवणाऱ्या चमूंचा आकार आणि खर्च कितीतरी वाढला. २०२० च्या जुलैमध्ये ‘एनबीए २के२१’ या बास्केटबॉल गेमच्या प्रकाशकाने पुढील पिढीच्या कन्सोलसाठी ७० डॉलर किंमत जाहीर केली तेव्हा हीच तक्रार मागे होती. जाहिरातीतून काही भरपाई झाली तर किंमत तेवढी कमी वाढेल, असा हा विचार.

त्याची साधी आकडेमोड करून पाहू. एक हजार वेळा जाहिरात दिसण्यासाठी जाहिरातदार १० डॉलर देतो असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर एकदा दिसण्याचे मोल एक सेंट पडते. एका खेळाडूकडून एक डॉलर मिळवायला त्याला १०० वेळा जाहिरात दाखवावी लागेल; गेमच्या किमतीतून पाच डॉलर कमी करायचे तर ५०० वेळा. दर दुप्पट धरला तरी २५० वेळा. एवढ्या जाहिराती पाहणारा माणूस हा सर्वाधिक खेळणारा, म्हणजेच गेमवर सर्वाधिक प्रेम करणारा आणि बहुधा त्यात आणखी पैसे घालणारा ग्राहक असणार. ६० डॉलर आधीच दिलेल्या, पुढेही काही देऊ शकणाऱ्या माणसाला काही डॉलरसाठी दुखवणे हा तोट्याचा सौदा दिसतो. याउलट मोफत गेममध्ये बहुसंख्य खेळाडू कधीच काही देत नाहीत. तेथे प्रत्येकामागे मिळालेला एक डॉलरही निर्भेळ कमाई असते. म्हणून मोबाइलवरच्या मोफत गेममध्ये जाहिरात पाहून एक जादा जीव मिळवण्याचा सौदा खेळाडू निमूटपणे, कधी खुशीनेही, पत्करतात. तेथे सौदा दिसतो: वेळ दिला, जीव मिळाला. ‘यूएफसी ४’च्या खेळाडूने वेळ दिला आणि त्याला काहीच मिळाले नाही.

हेच पुन्हा पुन्हा

हे एकट्या ईएचे वैशिष्ट्य नाही. ऑगस्ट २००९ मध्ये ‘वाइपआउट एचडी’ या शर्यतीच्या गेममध्ये लोडिंगच्या पडद्यावर व्हिडिओ जाहिराती आल्या. मृत वेळेतच तर दाखवतोय, असे म्हणता आले असते, पण जाहिरातीमुळे ती मृत वेळच लांबत असल्याचे खेळाडूंनी मोजून दाखवले आणि सोनीने जाहिरात काढून घेतली. ‘यूएफसी ४’नंतर जेमतेम महिन्याने, ऑक्टोबर २०२० मध्ये, ‘एनबीए २के२१’मध्ये सामन्यापूर्वी टाळता न येणारी जाहिरात दिसू लागली, तीही गेम बाजारात आल्यावर महिनाभराने; २के कंपनीने ती जागा आपल्या मनात नव्हती असे सांगून पुढे दुरुस्ती करण्याचे आश्वासन दिले. आणि जून २०२१ मध्ये फेसबुकने आभासी वास्तवाच्या ऑक्युलस हेडसेटमध्ये जाहिरातींची चाचणी ‘ब्लास्टन’ या गेममधून जाहीर केली, तेव्हा गेमचे निर्माते रेझोल्यूशन गेम्स यांनी आठवड्याभरात माघार घेतली. पैसे देऊन घ्यायचा गेम या चाचणीला योग्य नव्हता, हे त्यांनीच म्हटले.

या चारही प्रसंगांत जाहिरातीचा मजकूर कुणाला आक्षेपार्ह वाटला नव्हता. प्रत्येक वेळी वाद जागेचा, वेळेचा आणि आधी दिलेल्या पैशांचा होता. ‘यूएफसी ४’च्या बाबतीत मात्र मजकुराचाही एक प्रश्न होता, जो गोंधळात मागे पडला. अमेरिकेतील वर्गीकरणानुसार हा गेम १३ वर्षांवरील मुलांसाठी होता; ‘द बॉइज’ ही मालिका केवळ प्रौढांसाठी म्हणून वर्गीकृत आहे. गेमचे वर्गीकरण होते तेव्हा परीक्षकांसमोर गेमचा आशय असतो. नंतर सर्व्हरवरून काय येईल ते नसते. जाहिरातीत स्वतः काही हिंसक दाखवले नसले, तरी तेरा वर्षांच्या मुलाला ती जे पाहायला बोलावते ते त्याच्यासाठी नाही. बदलत्या जाहिरातींच्या युगात वर्गीकरणाची ही फट लहान नाही. मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या रोब्लॉक्स या गेम-मंचाने २०२३ मध्ये आपल्या जगातील जाहिराती १३ वर्षांखालील मुलांना न दाखवण्याचे ठरवले, ते या फटीकडे पाहूनच ठरवले असेल असे नाही, पण उपाय त्या दिशेचा आहे.

काय करता आले असते

कंपनीसमोर पर्याय नव्हते असे नाही. कॅनव्हासवरच ‘द बॉइज’चे चिन्ह लावता आले असते; बहुधा कुणी भुवईसुद्धा उंचावली नसती. मालिकेतल्या पात्राचा पोशाख आपल्या लढवय्याला मोफत देता आला असता, आणि तेव्हा खेळाडूंनी जाहिरातीला जाहिरात न म्हणता भेट म्हटले असते. रीप्लेच हवा असेल तर निवड खेळाडूवर सोडून, जाहिरातीसह पाहणाऱ्याला गेममधले चलन देता आले असते. हा शेवटचा पर्याय मला आवडत नाही, कारण ज्याच्याकडे पैसे कमी तो अधिक जाहिराती पाहणार, पण तो निदान उघड सौदा ठरला असता. यांतले काहीही करायला कळ दाबण्यापेक्षा अधिक काम लागले असते. गेम रचणाऱ्यांना बसून विचार करावा लागला असता की ही वस्तू आपल्या खेळात कुठे शोभेल. बदलत्या जाहिरातींच्या यंत्रणेत तो विचार करण्याची गरजच उरत नाही. जागा आखलेली असते, चित्र दुसरीकडून येते आणि रचनाकार त्या व्यवहारात कुठेच नसतो.

याला उलटा आक्षेप असा येईल की मग पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये जाहिरात मुळात असूच नये, कॅनव्हासवरही नको. हा आक्षेप मी समजू शकतो, पण तो मला मान्य नाही. खऱ्या जगाचे चित्र काढणाऱ्या माध्यमाने त्या जगातल्या नाममुद्रा वगळाव्यात, असा नियम केला तर शहरे निनावी आणि मैदाने ओकीबोकी होतील. व्हाल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये संगणकावरचे गेम विकणाऱ्या आपल्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम स्पष्ट केला, तोही असाच भेद करतो: जाहिरात पाहिल्याखेरीज पुढे जाता येणार नाही किंवा पाहिल्यावर बक्षीस मिळेल, अशा तत्त्वावर चालणारे गेम तेथे चालत नाहीत, गेमच्या आशयाला साजेशी खरी उत्पादने किंवा प्रायोजकांची चिन्हे मात्र चालतात. शर्यतीच्या गाडीवर प्रायोजकाचे चिन्ह असावे, पण ती गाडी सुरू करण्यासाठी त्या प्रायोजकाची चित्रफीत पाहावी लागू नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

निवेदनाचा आवाका

ईएचे निवेदन या प्रकारातले बरे म्हणावे लागेल. त्यात खेळाडूंची नाराजी आडवळणाने नव्हे तर थेट मान्य केली आहे, जाहिराती बंद केल्याचे सांगितले आहे, पुढे त्या परत येणार नाहीत असे वचन दिले आहे. ‘तांत्रिक चुकीमुळे’ हा नेहमीचा शब्दप्रयोग त्यात नाही. पण वचन वाचताना त्याच्या कडा पाहाव्यात. परत येणार नाही असे जे म्हटले आहे ते रीप्ले आणि लढतीवर तरंगणाऱ्या पट्ट्या या दोन जागांतील जाहिरातींबद्दल, आणि तेही ‘यूएफसी ४’बद्दल. मेन्यू, कॅनव्हास, लोडिंगचा पडदा, दोन फेऱ्यांमधली विश्रांती या जागांचा त्या वचनाशी संबंध नाही. जाहिरातींची कळ कुणाच्या हातात असावी, विकलेल्या गेममध्ये नंतर काय चालू करता येईल, खरेदीपूर्वी ग्राहकाला काय सांगावे लागेल, यांबद्दल त्यात काहीच नाही. आणि खेळाडूंनीही, खरे सांगायचे तर, ते मागितले नाही. रीप्ले परत मिळाला आणि प्रकरण मिटले.

मे २०२४ मध्ये ईएचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँड्र्यू विल्सन यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितले की गेमच्या आत जाहिराती विचारपूर्वक कशा आणता येतील, याचा कंपनीतले चमू अभ्यास करत आहेत. तोवर ‘यूएफसी ५’ बाजारात येऊन सहा महिने उलटून गेले होते, आणि २०२० च्या त्या वचनात त्याचे नाव नव्हते.